प्रश्नकुंडली पाहणाऱ्या महाराजांकडे काय विचारावं आणि काय विचारू नये (दारव्हा-दिग्रस साइड)

पहिले सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापला तो तारखांसाठी, ते खाली लिहिलं आहे. हा रिव्ह्यू जन्मपत्रिकेचा नाही, गुणमेलनाचा नाही, मुहूर्ताचाही नाही, फक्त प्रश्नकुंडलीचा आहे, प्रश्न विचारला त्या वेळेवरून जी मांडतात तिचा. म्हणजे बैल हरवला, गळ्यातली पोत सापडत नाही, उसने दिलेले पैसे कधी परत येतील, कापूस आता देऊन टाकू का थांबू, असले रोजचे प्रश्न घेऊन जे लोक जातात त्यांच्या कामाचं. आमच्या घरून गेल्या काही वर्षांत बरेचदा जाणं झालं, शेजारचे पण जातात, त्यामुळे एकाच अनुभवावर लिहून नाही राहिलो.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं तालुक्याचं गाव आहे. नाव-नंबर टाकत नाही, महाराजांनीच नको म्हटलं, गर्दी वाढली का पाहणं नीट होत नाही म्हणतात. बाजार लाइनच्या मागं जुनं कवेलूचं घर, समोरच्या ओसरीत सतरंजी, एक लॅपटॉप, खिळ्याला पंचांग, आणि एक जाड वही. स्वतः कास्तकार आहेत, चार-पाच एकर वावर आहे, सकाळी वावरात असतात, पाहणं दुपारनंतर. दक्षिणा १०१ रुपये एका प्रश्नाची, त्याच दिवशी दुसरा प्रश्न घेत नाहीत. खडे, अंगठी, यंत्र, शांती काहीच विकत नाहीत, कोणी उपाय विचारला तर घरच्या देवाले दिवा लावा म्हणतात आणि विषय संपवतात. मला ही गोष्ट लय महत्त्वाची वाटते, कारण जिथं उत्तरासोबत साडेतीन हजाराची शांती येते तिथं उत्तर नेहमी वाईटच निघते, हे आपल्याकडं कोणालाही माहीत आहे.

आता त्यांची पद्धत. तुम्ही बसले का पहिले ते प्रश्न घासून घेतात, आणि त्यातच दहा-पंधरा मिनिटं जातात. "महाराज, माझं कसं होईन?" असं विचारलं का ते म्हणतात, "हा प्रश्न नाही भाऊ, ही काळजी आहे. प्रश्न सांगा." मंग माणूस थोडा विचार करते, म्हणते कापसाचं काय होईल. तेही चालत नाही. कोणता कापूस, किती वेचणी झाली, कोण मागून राहिला, कधीपर्यंत जबाब द्यायचा आहे, असं विचारत विचारत शेवटी प्रश्न इतका बारीक होते का "मंगळवारी व्यापारी काटा घेऊन येणार आहे, त्याले आहे तेवढा कापूस देऊ का नको?" एवढंच राहते. आणि मला तर वाटते का निम्मे लोक इथंच मोकळे होतात, एक काकू तर माझ्यासमोर उठून गेल्या, म्हणे मले समजलं आता काय कराचं ते, कुंडली राहू द्या. महाराजांनी पैसे घेतले नाहीत.

प्रश्न पक्का झाला का मोबाइलमध्ये वेळ पाहून वहीत लिहितात, मिनिटासकट. कारण सगळी गोष्ट त्या वेळेवर आहे, तुमच्या जन्मवेळेची गरजच नाही, ज्या क्षणाला प्रश्न पाहणाऱ्याला नीट समजला त्या क्षणाचं आकाश मांडायचं. आपल्याकडच्या जुन्या माणसांची जन्मतारीखच माहीत नसते, मायला विचारलं तर ती म्हणते तू पोळ्याच्या करीला झाला, साल कोणतं ते नाही माहीत, तर अशा लोकांना पत्रिका कुठून आणायची? म्हणून खेड्यात प्रश्न पाहणं जास्त चालते असं माझं मत आहे.

त्यानंतर १ ते २४९ मधला एक आकडा विचारतात. ही कृष्णमूर्ती पद्धत, सगळे केपी म्हणतात, तामिळनाडूचे के. एस. कृष्णमूर्ती (१९०८ ते १९७२) यांनी बसवलेली, महाराष्ट्रात लय पसरली. २४९ च काऊन, हे मी मुद्दाम विचारलं होतं. तर २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ९ भाग (त्यांनाच सब म्हणतात), असे २४३ होतात, आणि त्यातले ६ भाग राशीच्या सीमेवर पडतात, त्यांचे दोन-दोन तुकडे करावे लागतात, म्हणून २४९. ते भाग सारखे पण नसतात, विंशोत्तरी दशेत, म्हणजे ग्रहांना ठरावीक वर्षं वाटून देणाऱ्या पद्धतीत, ज्या ग्रहाला जास्त वर्षं त्याचा भाग मोठा, शुक्राला २० वर्षं म्हणून त्याचा सगळ्यात मोठा, रवीला ६ म्हणून त्याचा सगळ्यात लहान. तुम्ही सांगितलेल्या आकड्यावरून लग्न (कुंडलीचं पहिलं घर) ठरते, बाकी ग्रह त्या वेळेला जिथं असतील तिथं. लोक बहुतेक वेळा १०८ नाही तर २१ सांगतात, मंग महाराज म्हणतात देवाचा आकडा नका सांगू, मनात पहिले आला तो सांगा. हे मला पटलं, ठरवून सांगितलेल्या आकड्यात प्रश्न कुठं राहिला?

हरवलेल्या वस्तूसाठी मात्र ते आकड्याआधी पंचांग पाहतात. वस्तू हरवल्याचं कधी लक्षात आलं तेव्हा चंद्र कोणत्या नक्षत्रात होता ते काढतात. त्याचे चार प्रकार आहेत, अंध, मंद, मध्य आणि सुलोचन, रोहिणीपासून मोजायला लागायचं, रोहिणी अंध, मृग मंद, आर्द्रा मध्य, पुनर्वसू सुलोचन, परत पुष्य अंध, असं चक्र चालते. अंध नक्षत्रात गेलेली वस्तू लवकर सापडते, दिशा पूर्व. मंदाची कष्टानं सापडते, दक्षिण. मध्याची खबर लागते पण हातात येत नाही, पश्चिम. सुलोचनाची ना खबर ना वस्तू, उत्तर.

आमच्या घरची पोत गेली होती तेव्हाची गोष्ट सांगतो, कारण चार स्टार त्यासाठीच आहेत. वेचणीचे दिवस, घरात येणं-जाणं चालू, कापूस खोलीत भरून, दोन बाया वेचणीच्या हिशोबाला येऊन गेल्या होत्या, आणि संध्याकाळी बायकोच्या लक्षात आलं का पोत नाही. अर्ध्या तासात घरातल्या सगळ्यांच्या तोंडात एकाच बाईचं नाव. कोणी तिला जाऊन बोललं नव्हतं, पण बोलणार होते, माझा चुलतभाऊ तर चप्पल घालून उभा होता. आई म्हणाली पहिले महाराजांकडं जाऊन ये, मंग काय बोलायचं ते बोला. हे बरं झालं.

मी जाऊन विचारलं, "महाराज, पोत कोणी नेली?" ते म्हणाले, "कोणी नेली हे मी पाहत नाही. पोत कुठी आहे, सापडन का, हे विचारा." मी दोनदा सांगून पाहिलं का एका बाईवर शक आहे, नाव घ्यायच्या आधीच त्यांनी हात वर केला, "नाव माझ्यासमोर नका घेऊ भाऊ." मंग प्रश्न बदलला. पुष्य होतं, म्हणजे अंध. आकड्यावरची कुंडली पाहून म्हणाले, घराबाहेर गेली नाही, चोरी दिसत नाही, पूर्वेकडच्या भागात कापडाजवळ पाहा, दोन-तीन दिवसांत सापडते. तिसऱ्या दिवशी कपाटातल्या लुगड्याच्या घडीत सापडली. कपाट पूर्वेच्या भिंतीला होतं हे खरं, पण आमच्या घरात पूर्वेच्या भिंतीला अर्धं सामान आहे हेही खरं, म्हणून दिशेचं मी फार मोठं करत नाही. मोठं वाटते ते हे का तीन दिवस घरात कोणीच त्या बाईचं नाव घेतलं नाही, चोरी दिसत नाही म्हटलं होतं ना. ती आजही आमच्याकडं वेचणीला येते, तिला यातलं काहीच माहीत नाही. तिच्या दारात माझा भाऊ गेला असता तर पोत सापडली काय नि नाही काय, गावात तिचं नाव गेलं असतं, आणि गावात गेलेलं नाव वापस येत नाही.

आता लोक म्हणतील का शास्त्रात तर चोर पाहतात. बरोबर, पाहतात, मी महाराजांशी यावर बोललो आहे. सातव्या घरावरून चोर बाई का माणूस, उंच का ठेंगणा, घरचा का बाहेरचा, हे सगळं जुन्या ग्रंथांत दिलेलं आहे. त्यांना ते येते. तरी ते सांगत नाहीत. म्हणाले, "कुंडली चुकली तर वस्तू सापडत नाही, एवढंच होते. माणूस चुकला तर मारामारी होते." आमच्या बाजूच्याच एका गावात दुसरा एक पाहणारा आहे, तो चोराच्या नावाचं पहिलं अक्षर सांगते, आणि लोक त्याच्याकडं जास्त जातात हे पण सांगतो. तिथं एका घरी मोटरपंपाची केबल गेली, त्यानं अक्षर दिलं, ते अक्षर सख्ख्या भावाचं निघालं. अक्षर काय, गावात त्या अक्षराची चाळीस माणसं असतील, पण मनात पहिलेपासून वावराच्या धुऱ्याचं भांडण होतं तर बोट बरोबर तिकडंच गेलं. वर्ष होऊन गेलं, दोघांच्या चुली वेगळ्या झाल्या, बोलणं बंद, केबल अजून सापडली नाही. अशा पाहणाऱ्याला मी एक स्टार पण देणार नाही, त्याची बाकी उत्तरं कितीही बरोबर येवोत.

कापसाचं उत्तर. २०२४ ची दिवाळी, पहिल्या वेचणीचा कापूस घरात, लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता आणि खेडा खरेदीवाला त्याच्याखाली मागत होता, वरून म्हणे रोख देतो, उद्या हाही भाव राहणार नाही. महाराजांनी अकरावं, म्हणजे लाभाचं घर पाहिलं, त्याचा सब लॉर्ड (त्या सबचा मालक ग्रह) शनीच्या नक्षत्रात निघाला, म्हणाले लाभ आहे पण उशिरा आहे, घाई कराल तर हातचं जाईन, पूर्ण अडवून पण नका ठेवू, गरजेपुरता द्या आणि बाकीचा वाळवा. तसंच केलं. पुढं सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर माल गेला आणि हमीभाव भेटला, नंबर लागायला वेळ गेला, सातबारा, पीकपेरा, आधार, सगळं जमवावं लागलं, तरी व्यापाऱ्यापेक्षा चांगला पैसा आला. आता यात ग्रहांचा भाग किती आणि त्यांच्या स्वतःच्या कास्तकारीचा किती, हे मी वेगळं करू शकत नाही. सीसीआय ८ टक्क्यांवर ओलावा गेला का भाव कापते आणि १२ च्या वर माल घेतच नाही, पहिल्या वेचणीचा कापूस ओला असते, हे त्यांना माहीत आहे, वाळवा म्हणाले ते शनी पाहून का कापूस पाहून? मी विचारलं तर म्हणाले दोन्ही. मला त्यात वावगं वाटत नाही. पाहणारा माणूस आपल्याच मातीतला असला, त्यानं स्वतः पऱ्हाटी केली असली, तर त्याच कुंडलीतून तो जास्त कामाचं काढते. शहरातल्या ज्योतिष्यानं शनी पाहून मला काळ्या उडदाचं दान सांगितलं असतं.

बैलाचं उत्तर मात्र चुकलं, आणि तेही लिहिलंच पाहिजे. शेजारच्या काकांचा बैल रात्री दावं तोडून गेला. सिंह लग्न निघालं, मेष-सिंह-धनू म्हणजे पूर्व, म्हणून सांगितलं पूर्वेला शोधा, पाण्याजवळ असेन, जिवंत आहे. आम्ही पांदणीनं पार नाल्यापर्यंत फिरलो, गाडी घेऊन दोन गावं केली. बैल भेटला पश्चिमेच्या गावच्या कोंडवाड्यात, कोणाच्या तरी हरभऱ्यात घुसला होता तर त्यांनी नेऊन कोंडला, दंड भरून आणला. म्हणजे जिवंत आहे एवढं बरोबर. काकांनी जाऊन महाराजांना तोंडावर सांगितलं, तर ते काही सारवासारव न करता उठले, वही काढली, त्या दिवसाची कुंडली शोधली आणि बाजूला लाल पेननं खरं काय झालं ते लिहिलं. ती वही मी पाहिली आहे, लाल शाई बरीच आहे. बाकी कुठं मी असं पाहिलं नाही, चुकलं का लोक म्हणतात तुमचीच श्रद्धा कमी पडली. माझी सूचना एवढीच का ढोर हरवलं तर पहिले आजूबाजूच्या ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात फोन लावा, मंग प्रश्न पाहा.

आता तारखा, जिथं स्टार कापला. माझ्या एका नातेवाइकाकडं हातउसने पैसे अडकले होते, कधी येतील विचारलं. पैशाची दोन, सहा, अकरा ही घरं पाहिली, रूलिंग प्लॅनेट (प्रश्नाच्या वेळेवर ज्यांचा अंमल ते ग्रह) काढले, आणि सांगितलं का होळीच्या आत, मंगळवारी येतील. होळी गेली, पाडवा गेला, पेरणी आली, पैसे आखाडात आले, तेही तुकड्या-तुकड्यानं. येतील हे बरोबर, कधी हे साफ चूक. आणि हे एकदाच झालं असं नाही, गावात ज्यांना ज्यांना विचारलं, सगळ्यांचं तेच, होईल-नाही होईल याचं उत्तर बऱ्यापैकी जमते, वार-तारीख क्वचितच. महाराज स्वतः पण मान्य करतात का वेळ काढणं हे सगळ्यात कठीण आहे. मंग माझं म्हणणं असं का तारीख सांगूच नये, कारण ऐकणारा माणूस ती तारीख पकडून बसते, तिच्यावर कृषी केंद्रवाल्याला वायदा करते, सोसायटीचं कर्ज भरायची तजवीज त्यावर धरते. तिथं जाल तर तारीख विचारू नका, सांगितली तरी तिच्यावर पुढचा व्यवहार बांधू नका.

काय पाहत नाहीत त्याची यादी मोठी आहे. आजारपण पाहत नाहीत. साप-विंचू चावल्यावर कोणी आलं तर ओरडतात, पहिले ग्रामीण रुग्णालयात न्या, इंजेक्शन तिथं आहे, माझ्याकडं काऊन वेळ घालवून राहिले म्हणतात. पोटातलं पोरगा का पोरगी हा प्रश्न तर ओसरीवर चढूच देत नाहीत. मॅचचं, सट्ट्याचं, आकड्याचं पाहत नाहीत. एकच प्रश्न परत परत पाहत नाहीत, परिस्थिती बदलल्याशिवाय दुसऱ्यांदा विचारू नका म्हणतात, आणि गंमत म्हणून विचारणाऱ्याला तर ते बसल्या-बसल्या ओळखतात. बोअरचं पण पाहत नाहीत, आणि याबद्दल लोक नाराज असतात, कारण आपल्याकडं बोअर म्हणजे लाखाच्या घरातला जुगार आहे. पण ते बरोबरच सांगतात, आपल्या खाली काळा पाषाण आहे, पाणी त्याच्या भेगांमध्ये आणि दोन थरांच्या मधात असते, एक बोअर लागते आणि वीस फूट बाजूचा कोरडा जाते, त्याला भूजल सर्वेक्षणवाल्यांकडून पाहून घ्या. नारळ हातावर धरणारे पाणाड्ये आमच्या गावात दोन आहेत, त्यांच्याबद्दल परत कधी लिहीन.

विश्वास ठेवावा का, हे बरेच जण विचारतात. २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि त्यांच्या सोबतच्यांनी पुण्यात चाचणी घेतली होती, २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून उत्तरं पाठवली, हुशार मुलाची कोणती आणि मतिमंद मुलाची कोणती ते ओळखायचं होतं. नुसता रुपया उडवला तरी २० बरोबर येतात, यांची सरासरी १७.२५ आली, सगळ्यात चांगल्याचे २४. ती चाचणी जन्मपत्रिकेची होती, प्रश्नकुंडलीची नव्हती, पण मी ती महाराजांना सांगितली, तर चिडले नाहीत. म्हणाले माझी वही मोजाल तर माझंही काही फार वेगळं निघणार नाही कदाचित, पण माझ्याकडं येणाऱ्याले टक्के नाही पाहिजे, त्याले आज रात्री झोप पाहिजे आणि उद्या काय कराचं ते पाहिजे. मी यावर लय विचार केला. माझं मत असं झालं का जिथं दोन्ही वाटा जवळपास सारख्या आहेत आणि नुसतं ठरत नाही म्हणून माणूस अडकला आहे, तिथं हे कामाचं आहे. जिथं खरी माहिती भेटू शकते, तपासणी होऊ शकते, माणसाला जाऊन विचारता येते, तिथं पहिले ते करा.

आणि हे फक्त आपल्याच खेड्यातलं आहे असं पण नाही. वराहमिहिराच्या मुलानं, पृथुयशसनं, छप्पन श्लोकांत प्रश्नाचंच शास्त्र लिहून ठेवलं आहे, केरळात तर देवळाचे प्रश्न आजही अष्टमंगल प्रश्नानं पाहतात. तिकडं लंडनला विल्यम लिली म्हणून ज्योतिषी होता, त्यानं १६४७ मध्ये छापलेल्या ग्रंथात हरवलेल्या कुत्र्याची कुंडली आहे, आणि त्याचे स्वतःचे विकत घेतलेले मासे चोरीला गेले तेव्हाची पण आहे. महाराजांनी ती कुंडली मला लॅपटॉपवर दाखवली, एकदम मन लावून समजावून सांगत होते, समोर बकरी हरवलेली बाई बसली होती, ती पण ऐकत होती. तिनं विचारलं, "भेटले काय मंग मासे त्याले?" थोडे भेटले म्हणे.

मोबाइल अ‍ॅपबद्दल एक सांगतो, कारण आजकाल पोट्टे म्हणतात जायची गरज काय, फुकट अ‍ॅप आहे. वापरा, पण गाव नीट टाका. अ‍ॅपमध्ये बरेचदा मुंबई किंवा दिल्ली आधीच भरलेलं असते. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, दारव्हा ७७.८ च्या जवळपास, म्हणजे आपली खरी स्थानिक वेळ घड्याळापेक्षा जवळपास १९ मिनिटं मागं. मुंबईची ३८ मिनिटांच्या वर मागं. एक अंश सरकायला लग्नाला साधारण ४ मिनिटं लागतात, म्हणजे आकडा न घेता नुसत्या वेळेवरून, मुंबई टाकून दारव्ह्याचा प्रश्न पाहिला तर लग्न पाचेक अंशांनी चुकते, राशीच्या कडेवर असलं तर रासच बदलते, आणि केपीचा सब तर नक्कीच बदलते. बरं, अ‍ॅप प्रश्न घासून घेत नाही. तुम्ही "कोणी नेली" टाइप करा, ते उत्तर देऊन देते. मला याचीच भीती वाटते. ओसरीवर बसलेला माणूस हात वर करून थांबवते, अ‍ॅप कोणाला थांबवेल? आमच्या गावात एका पोराला अ‍ॅपनं सांगितलं का चोर घरातला आहे, जवळचा आहे, वयानं लहान आहे, आणि त्यानं घरी आलेल्या भाच्याचे खिसे तपासले. काही निघालं नाही. भाचा दहा वर्षांचा.

जायचं असेल तर बाजाराचा दिवस सोडून जा, त्या दिवशी रांग पार रस्त्यापर्यंत येते आणि महाराज थकतात. अमावास्येला बंद, पेरणीच्या आणि वेचणीच्या ऐन दिवसांत पण भेटतीलच असं नाही. फोनवर प्रश्न घेत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच, समोर बसूनच विचारावं लागते. सोबत चार जण नेऊ नका, एकट्याला बसवतात, नवरा-बायकोचं असेल तर दोघांना. बायांनी एकटं गेलं तरी काही अडचण नाही, महाराजांच्या घरच्या तिथंच निवडत-टिपत बसलेल्या असतात आणि बरेचदा प्रश्न त्याच सरळ करून देतात. सुट्टे घेऊन जा, १०१ ला १०० आणि १ नसला तर त्यांच्याकडं वापस द्यायला नसतात. दारव्ह्याकडून आले तर एसटी स्टँडवर उतरून पायी दहा मिनिटं, ऑटोवाला साठ मागते, चाळीसमध्ये येते.